आवाजांची वाघर

आमच्या हायस्कुलात दहा संगणक होते आणि ते सांभाळायची जबाबदारी माझ्यावर होती. या वाक्याचा पहिला अर्धा भाग डेडस्टॉक रजिस्टरात खरा होता. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल न बोललेलं बरं. मी मराठीची बाई, माहेर लोणंदचं, आणि संगणकाशी माझा संबंध पगाराची स्लिप बघण्यापुरता. पण ज्या दिवशी कक्षप्रमुख नेमायचा होता त्या दिवशी मी रजेवर होते, आणि शाळेत रजेवरच्या माणसाच्या गळ्यात काय काय पडतं ते शिक्षकांना सांगायला नको.

पहिल्यांदा कक्षाचं दार ढकलून आत गेले तर नऊ टेबलं रिकामी. कोपऱ्यात एकच संगणक घरघरत होता आणि त्याच्या पाठीवर तळहात टेकवून शाळेचे शिपाई उभे होते. खाकी शर्ट, पांढरी टोपी, कानात बारीक बाळी. डोळे मिटलेले. मला वाटलं, काहीतरी देवाचं चाललंय.

"काय करताय मामा?"

"ताप बघतुय," ते डोळे न उघडता म्हणाले. "काल जरा जास्त हुता. आज बरा हाय."

हे मायाप्पामामा. तासगावच्या पूर्वेला द्राक्षबागा संपतात आणि माळ सुरू होतो, तिथली त्यांची वाडी. घराणं मेंढपाळांचं. थोरला भाऊ अजून दिवाळीनंतर कळप घेऊन नदीकाठच्या मुलखात उतरायचा. मामा सातवी शिकले, आठवीत मेंढरांमागं गेले आणि बारा-तेरा वर्षांनी त्याच शाळेत शिपाई म्हणून लागले. "शाळंनं परत घेतलं मला," ते म्हणायचे, "पन येगळ्या दारानं." यात कडवटपणा नसायचा, पण मला ते ऐकताना उगाच अपराधी वाटायचं.

बाकीचे नऊ संगणक गेले कुठं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी त्या एका खोक्याकडे बोट दाखवलं. "हितंच हायत की सगळे." एकाचा पंखा, दुसऱ्याची मेमरी, तिसऱ्याचा वीज देणारा डबा, असं करत नऊ मेलेल्यांतून त्यांनी एक जिवंत ठेवला होता. "मेली नऊ. पन वाया एकबी गेलं न्हाई."

ते हे शिकले कसे, याची गोष्ट शाळेत सगळ्यांना माहीत होती, फक्त ती सांगताना शिक्षकांचा आवाज जरा खाली यायचा. संगणक आले तेव्हा त्यांच्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम होती आणि ती शिकवायला एक तरुण माणूस तीन दिवस आला होता. शिक्षक चहा, भजी आणि महागाई भत्ता यांत गुंतलेले. चहाचा ट्रे घेऊन दारात उभे राहिलेले मामा तेवढे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्या तरुणानं आपलं माहितीचं पुस्तक शिक्षकांना न देता त्यांच्या ट्रेवर ठेवलं. इंग्रजी कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. "जतच्या पल्याड मेंढरं नेताना कानडी शिकलो. तवाबी अक्षर कळत न्हवतं. ह्येबी तसंच. चार शब्द वळखीचे झाले की बाकीचे आपसूक येत्यात." त्यांच्या वहीत सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे ती चुकली तर काय होतं ते.

एकदा गणिताच्या सरांनी दुसऱ्या कुठल्याशा सिस्टीमची चोरटी सीडी आणली. लिनक्स काढून हे टाका म्हणाले, सगळीकडे हेच असतं. मामांनी सीडी दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत दिली. "सर, चोरीचं मेंढरू वाघरीत घ्यायचं नसतंय. आज एक घेतलं तर उद्या आपलं जाईल तवा कुनाला बोलायचं?" वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभं करायचं दोऱ्यांचं जाळं. माळावर कुठंही चार खुंट्या ठोकल्या, वाघर लावली, की झालं मेंढरांचं घर. मामांच्या बोलण्यात ती दिवसातून चारदा यायची.

आणखी एक खोड होती. मेंढराच्या कानाला जशी घराण्याची खूण करतात, तशी मामा शाळेच्या प्रत्येक वस्तूला करायचे. डस्टर, मोजपट्टी, किल्ल्या, खुर्चीचा पाय, अगदी संगणकाचा माऊस. प्रत्येकाच्या उजव्या कडेला चाकूनं काढलेली एक बारीक खाच. हेडसरांच्या नव्या खुर्चीला ती दिसली तेव्हा सर लाल झाले. "अहो मामा, ही खुर्ची आहे, मेंढी नाही!" पुढं तालुक्याच्या परीक्षेला तीन शाळांच्या खुर्च्या एकत्र झाल्या आणि परत नेताना नुसता गोंधळ. मामा हात मागं बांधून रांगेतून चालत गेले आणि आमच्या बावन्न खुर्च्या बोटानं दाखवत सुटले. हेडसरांची खुर्ची दुसऱ्या शाळेच्या टेम्पोत चढली होती, ती उतरवली. त्या दिवसापासून सर त्या खाचेवर अंगठा फिरवत बसलेले दिसायचे.

आता ऋतुजाबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय हे सगळं म्हणजे एका हौशी माणसाच्या गमती झाल्या असत्या.

ऋतुजा नववीत आली तेव्हा तिला दिसत नव्हतं. जन्मापासून नाही, बाराव्या वर्षी मोठा ताप आला आणि त्यात डोळे गेले. वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला. ब्रेल शिकली होती, पण उशिरा शिकल्यामुळे बोटं हळू चालायची आणि डोकं पुढं पळायचं. वर्गात ती सगळं ऐकायची आणि मधल्या सुट्टीत संगणक कक्षात येऊन बसायची. तिथं मुलं गोंगाट करत नाहीत, पंख्याचा आवाज बरा वाटतो, म्हणायची. दहावीत गेल्यावर एक दिवस तिनं मामांपुढं विज्ञानाचं पुस्तक धरलं.

"मामा, एवढं पान वाचा की."

मामांनी वाचलं. शब्दावर बोट ठेवून, थांबत थांबत. पान संपायला सुट्टी संपली.

"मामा, तुमी लय हळू वाचताय," ती म्हणाली.

"सातवी झालोय गं पोरी. आठवीचं पुस्तक म्या उघडल्यालं न्हाई."

पण ते त्यांच्या मनात बसलं. आठवड्याभरात त्यांनी कुठल्याशा जुन्या फोनचा माईक संगणकाला जोडला, आवाज साठवायची व्यवस्था केली आणि गावात फिरून वाचणारी माणसं गोळा केली. त्यांची निवड हा स्वतंत्र विषय आहे. गणिताला बेदाणा शेडच्या मालकांची सून, ती बीएस्सी होती आणि दुपारी मोकळी असायची. विज्ञान वाचलं सुट्टीवर आलेल्या एका फौजीनं. तो प्रत्येक प्रकरण संपलं की "रिपोर्ट खतम" म्हणायचा. आणि भूगोल वाचला कंडक्टर आबांनी.

कंडक्टर आबा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले गावातले एक म्हातारे गृहस्थ. आवाज असा की शाळेच्या गेटवर बोलले तर कक्षात ऐकू यावा. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझीलचा. आबांनी ब्राझील आपल्या तिकिटाच्या पेटीत बसवला. "ॲमेझॉनचं खोरं. चला, पुढं सरका, मागं जागा करा. ही नदी लय मोठी हाय, आपल्या कृष्णेसारख्या किती बसतील त्याचा हिशेब करू नका. पुढचा थांबा, उच्चभूमी." मध्येच खोकला, मध्येच "कोन हाय रं तिकडं?" आणि पाठीमागं शाळेची घंटा. मी मामांना म्हटलं, ही बडबड कापून टाका. ते म्हणाले, "न्हाई बाई. ती पोर ह्येच्यामुळंच ध्यानात ठेवती." आणि खरंच, ब्राझीलचा नकाशा ती थांब्यांच्या क्रमानं सांगायची.

मराठी अर्थातच मी वाचलं. मी एकेकाळी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली बाई. कवितेला आवाज चढवला, उतरवला, धड्यातल्या करुण प्रसंगी चक्क गहिवरले. दुसऱ्या दिवशी मामा दारात घुटमळले.

"बाई, तुमी लय ग्वाड वाचलं. पन तिला झोप यील."

"म्हणजे?"

"म्हंजे ते काडलं म्या. शेडच्या वैनींकडनं परत वाचून घेतो."

मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. कबूल करते, मला ते फार लागलं होतं.

वर्षभरात त्या संगणकात 'आवाज' नावाच्या एका कप्प्यात सगळी दहावी गोळा झाली. ऋतुजाकडे एक छोटा प्लेअर होता, त्यात जेमतेम एक विषय मावायचा. दर सोमवारी मामा जुना विषय पुसून नवा भरून द्यायचे. म्हणजे सगळं होतं ते एकाच ठिकाणी, शाळेतल्या त्या घरघरणाऱ्या खोक्यात. त्या वेळी यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही.

आणि फेब्रुवारीत, परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना, खोकं भरलं. फौजीनं जाण्याआधी मामांच्या फोनवर वाचून ठेवलेलं शेवटचं प्रकरण साठवताना यंत्रानं चक्क नकार दिला. मामांनी पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला आणि त्यानं आपल्याकडची वापरलेली, पण बरीच मोठी हार्डडिस्क कुरियरनं पाठवली. जुन्या डिस्कच्या तिप्पट माल तिच्यात मावणार होता.

मामांनी ती हातात घेऊन वजन बघितलं, वास घेतला, कडेला बारीक खाच पाडली आणि खिशातला चिमूटभर भंडारा काढला. "आत जाईल हो ते!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघून भंडारा डिस्कऐवजी खोक्याच्या कपाळाला लावला. मग खोकं उघडलं. आतून वाटीभर धूळ आणि पालीची दोन रिकामी अंडी निघाली. नव्या डिस्कला जोडायला मोकळी वायर नव्हती, तेव्हा सीडी चालवायच्या यंत्राची वायर काढून तिला दिली. बसवायला स्क्रू नव्हते, तेव्हा वाघरीचा दोरा वळून तिला आतल्या चौकटीला आवळलं. चालू केलं, तर पडद्यावर दोन डिस्कची नावं एकाखाली एक.

नव्या डिस्कवर पहिल्यांदा सगळं पुसून घर आखावं लागतं, ते मामांनी मला सांगितलं. चुकून जुनीवर हात चालला तर सगळं गेलं. त्यांनी आकडा तीनदा मोठ्यानं वाचला, मलाही वाचायला लावला, "मोठी ती नवी, बारकी ती जुनी" असं दोघांनी शाळेच्या प्रार्थनेसारखं म्हटलं आणि मग बटण दाबलं. नीट झालं. आता तिला एक कप्पा नेमून द्यायचा, म्हणजे यंत्राला कळतं की ही डिस्क इथं लावायची.

"नवी मेंढरं आनली की पयल्या दिवशी जुन्यांच्याच वाघरीत सोडायची," मामा म्हणाले. "येगळी बांदली तर मिसळत न्हाईत. वास लागला पायजे." आणि त्यांनी नवी डिस्क 'आवाज' या कप्प्यालाच लावली. यंत्र चालू होताना दर वेळी ती तिथंच लागावी अशी ओळही लिहून ठेवली. तेवढ्यात वीज गेली. शाळा सुटायची वेळ झालीच होती. मामांनी खोक्यावर फडकं टाकलं आणि आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऋतुजाला घेऊन कक्षात गेले. भूगोल भरून द्यायचा होता. मामांनी 'आवाज' उघडला. आत काहीच नव्हतं. काहीच नाही म्हणजे, इंग्रजीत 'हरवलं-सापडलं' अशा अर्थाचं नाव असलेला एक रिकामा कप्पा तेवढा होता.

मामांनी बंद करून परत उघडलं. यंत्रच बंद करून परत चालू केलं. तेच.

"काय झालं मामा?" ऋतुजानं विचारलं. मामा तीच बटणं पुन्हा पुन्हा दाबत राहिले, तेव्हा तिला कळलं. ती खुर्चीची कड धरून बसली. परीक्षेला नऊ दिवस होते. फौजी केव्हाच सरहद्दीवर परत गेला होता. आणि कंडक्टर आबांना महिन्यापूर्वी घशाचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला होता. तो आवाज आता जगात कुठं असेल तर त्या कप्प्यात होता, आणि कप्पा रिकामा होता.

हेडसर आले. सांगलीतल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, घेऊन या, निघालं तर निघेल, पण तीन आठवडे धरून चाला. सर म्हणाले, मग थांबायचं कशाला, आत्ताच सगळ्यांना बोलावू आणि नव्या डिस्कवर मिळेल तेवढं पुन्हा वाचून घेऊ.

आणि मी बोलले. मोठ्यानं, सरांसमोर, त्या मुलीसमोर. "मामा, तुम्हाला सांगितलं कुणी हे करायला? मेंढरं राखणं वेगळं आणि हे वेगळं!"

आयुष्यात मी बरंच लागेलसं बोलले आहे आणि त्यातलं निम्मं मला आठवतही नाही. हे वाक्य मात्र आठवतं. ज्या माणसानं ते खोकं नऊ वेळा मरणातून ओढून आणलं त्याला मी हे म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं त्याची मला आजही लाज वाटते.

मामांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे बघत बसले. मग हेडसरांना म्हणाले, "सर, नवं काय भरू नका अजून. पयलं वाघर मोकळी झालीय का ते बघू."

"म्हणजे?"

"मेंढरं गेली असतील तर वाघर मोकळी दिसंल."

त्यांनी वही उघडली, एक छोटी आज्ञा शोधून टाईप केली. पडद्यावर दोन्ही डिस्कचा हिशेब आला, कुणात किती भरलंय. नवी जवळजवळ पूर्ण रिकामी. जुनी काठोकाठ भरलेली. कालच्याइतकीच.

मामा उभे राहिले. "बाई, बगा की. ती भरल्यालीच हाय. सगळी हायत आत!"

"पण मग दिसत का नाहीत?"

मामा खिडकीतून माळाकडे बघत होते, पण मला वाटतं त्यांना माळ दिसत नव्हता. त्यांच्या उजव्या हाताची बोटं हवेत दोरा ओढत होती. मग ते हसले. पहिल्यांदा त्या सकाळी कुणीतरी हसलं. "म्या काय केलंय बगा. नवी मेंढरं जुन्या वाघरीत सोडतुय म्हनलं आन् नवी वाघरच जुनीवर टाकली. वरची रिकामी वाघर दिसतीया. खालची झाकल्याली हाय. मेंढरं तिथंच हायत, गप बसल्यात."

त्यांनी नव्या डिस्कची जोडणी सोडवली. डिस्क काढली नाही, नुसती त्या कप्प्यावरून उठवली. आणि 'आवाज' पुन्हा उघडला.

पडदा नावांनी भरून गेला. गणित एक, गणित दोन, विज्ञान, इतिहास. मामांनी एकावर टिचकी मारली.

"ॲमेझॉनचं खोरं. चला, पुढं सरका, मागं जागा करा..."

ऋतुजा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. हेडसर चष्मा पुसत बाहेर गेले. मला काय करावं कळेना, म्हणून मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मामा एकदम दचकले. "आवं, घंटा!" असं म्हणून पळाले. तिसऱ्या तासाची घंटा त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा झाली. त्यांच्या नोकरीत असं एकदाच घडलं.

नंतर त्यांनी नव्या डिस्कला स्वतंत्र कप्पा दिला आणि सगळे आवाज तिकडे उचलून नेले नाहीत, तर दोन्हीकडे ठेवले. जुनीवर शेवटच्या प्रकरणापुरती जागा हवी होती, तेवढ्यासाठी त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनांचे जुने व्हिडिओ नव्या डिस्कवर हलवले. आणि यंत्रासाठीची ती ओळ बदलली. आधी त्यांनी 'दुसरी डिस्क' एवढंच लिहिलं होतं. पण वायरी बदलल्या तर पहिली-दुसरी हा क्रम बदलू शकतो, असं त्यांना पुस्तकात सापडलं. प्रत्येक डिस्कच्या आखलेल्या घराला स्वतःचं असं एक लांबलचक नाव असतं, आकड्यांचं आणि इंग्रजी अक्षरांचं. ते मी एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि मामांनी वहीत उतरवलं.

"हां. आता बरूबर," ते म्हणाले. "रांगेत पयलं कोन, दुसरं कोन, ही वळख न्हवं. रांग बदलती. कान बदलत न्हाई."

मी तेव्हा धीर करून म्हटलं, "मामा, मी मघाशी बोलले ते..."

"खरं बोललासा बाई. येगळंच हाय." त्यांनी वही मिटली. "मेंढरू हरवलं की वरडतंय. ह्ये वरडत न्हाई. म्हनून आपुनच मोजायचं."

एवढंच. माफी मागायची माझी तयारी होती, पण त्यांनी ती जागाच ठेवली नाही. मला आजही वाटतं, शब्दांत मागून घ्यायला हवी होती.

ऋतुजा पास झाली. शाळेत पहिली वगैरे नाही, पण भूगोलात तिच्याहून पुढं कोणी नव्हतं. निकालाच्या दिवशी ती आबांच्या घरी पेढे घेऊन गेली. आबांनी हातानं बेल ओढल्याची खूण केली. तिला दिसली नाही, म्हणून त्यांच्या नातीनं सांगितली. पुढं ती शिकायला सांगलीला गेली. माझी बदली उंब्रजजवळच्या एका शाळेत झाली. मामा निवृत्त झाले ते मला फोनवरच कळलं. निरोपाच्या समारंभात दोन शब्द बोला म्हटल्यावर ते "खोकं उन्हात ठिवू नका" एवढंच बोलून खाली बसले म्हणे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी शाळेतून एसटीनं घरी येत होते. उंब्रजच्या अलीकडे बस थांबली. पुढं मेंढरांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता. या दिवसांत मेंढपाळ पूर्वेकडून येतात, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. मी वैतागून खिडकीतून बघितलं. कळपाच्या मागं खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि कानात पांढरी वायर असलेला एक माणूस चालला होता. टोपी ओळखीची, बाळी ओळखीची.

मी बसमधून उतरलेच. कंडक्टर ओरडला, तरी उतरले.

"मामा!"

"आवं बाई! तुमी हितं?" त्यांनी कानातली वायर काढली. भावाचे गुडघे दुखतात म्हणून या वर्षी कळपाबरोबर ते आले होते.

"ऐकताय काय? गाणी?"

त्यांनी वायरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी कानाला लावलं. "...पुढचा थांबा, उच्चभूमी. कोन हाय रं तिकडं?"

मी ते टोक कानाशी दाबून धरलं.

"सतरा नंबरचा फॉर्म भरलाय," मामा जरा लाजून म्हणाले. "मार्चात धावीला बसतुय. ऋतुजा दर ऐतवारी फोनवर परश्न इचारती. लय कडक हाय पोर. म्हनती, मामा तुमी लय हळू उत्तर देताय."

मी हसले आणि डोळे पुसले. मग शिक्षिकेच्या जातीला साजेसं विचारलं, "आणि मराठीचं काय? शेडच्या वहिनींनी वाचलंय तेच ऐकता?"

"त्येबी हाय. तुमचंबी हाय."

"माझं? तुम्ही तर पुसलं होतं!"

"म्या काडलं म्हनलं हुतं. पुसलं कुठं म्हनलं? येगळं बांदून ठिवलं हुतं." मामा पुढं गेलेल्या मेंढरांकडे बघत म्हणाले, "रानात कवाकवा झोप लागत न्हाई बाई. तवा लावतो."

बसनं हॉर्न दिला. मी धावत जाऊन चढले. खिडकीतून बघितलं तर मामांनी वायर पुन्हा कानात घातली होती आणि हॉर्न त्यांच्या गावीही नव्हता. शेवटचं मेंढरू पलीकडे गेलं, तसे ते थांबले, वळले, काठी छातीशी धरून सगळी नीट मोजली आणि मग चालू लागले.